हक्कसोडीचा कागद आणि कायद्याचे काम

वाचकाचे पत्र

माझे वय ५३. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि विक्रोळीला राहते. माझ्या वडिलांनी गिरगावातली पागडीची (एकरकमी पैसे मोजून भाड्याने घेतलेली) खोली सोडून १९८७ साली गोरेगावात सोसायटीतला फ्लॅट घेतला. गेल्या वर्षी ते गेले. मृत्युपत्र केलेले नाही. त्या घरात आई, भाऊ, वहिनी आणि भाचा राहतात. धाकटी बहीण डोंबिवलीला असते. आता इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. बिल्डरला कागदपत्रे स्वच्छ हवीत, म्हणून भावाने आम्हा दोघी बहिणींसमोर हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला आहे आणि त्यात आईचीही सही धरली आहे. भाऊ वाईट नाही. वडिलांच्या आजारपणात त्यानेच सगळे केले. मावशी म्हणते, हिस्सा मागितलास तर माहेर तुटेल. माझी मुलगी चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. ती म्हणते, सही करू नकोस, कायदा आपल्या बाजूचा आहे. मला प्रश्न पडतो की कायदा होऊन इतकी वर्षे झाली, तरी बहिणींनी मुकाट सही करायची रीत तशीच आहे, तर अशा कायद्याचा उपयोग काय? कायदा समाज घडवतो, की समाजच कायद्याला आपल्या मापाचा करून घेतो? आणि मी सही करू की नको?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. भावाने समोर ठेवलेल्या मसुद्यावर, तो आज जसा आहे तसा, सही करू नका. हक्क कधीच सोडू नये असा माझा आग्रह नाही. तो सोडण्याची मुभा हाही तुमच्या हक्काचाच भाग आहे. पण तुम्ही कायद्याविषयी जे विचारले आहे ते उलगडून पाहिल्याशिवाय हा नकार म्हणजे भावाविरुद्ध उचललेले पाऊल आहे असेच तुम्हाला वाटत राहील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागू आहे आणि फ्लॅट वडिलांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर घेतला होता, असे मी गृहीत धरतो. तसे असेल तर १९५६ च्या त्या कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे आई, भाऊ, तुम्ही आणि तुमची बहीण हे चौघे पहिल्या वर्गाचे वारस आहात आणि प्रत्येकाचा वाटा एक चतुर्थांश आहे. मुलगी विवाहित आहे की अविवाहित, ती त्या घरात राहते की डोंबिवलीला, याने या वाट्यात काहीही फरक पडत नाही. मुलींना हक्क 'हल्लीच' मिळाला असे जे घराघरांत बोलले जाते ते १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती, २००५ ची केंद्राची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा विनीता शर्मा खटल्यातील निकाल यांच्यामुळे. परंतु त्या तिन्हींचा विषय एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत हा होता. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस झाली ती १७ जून १९५६ पासून, म्हणजे बहुधा तुमच्या मावशीच्या लहानपणीच. एवढे मात्र खरे की त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाने राहत्या घरापुरती भावांना एक सवलत ठेवली होती : भाऊ स्वतः वाटणी मागत नाहीत तोवर बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे आणि नांदत्या मुलीला त्या घरात राहण्याचाही हक्क नव्हता. ते कलम २००५ साली रद्द झाले.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. हक्कसोडीची रीत तशीच आहे, म्हणून कायदा निरुपयोगी ठरला, असे तुम्ही लिहिता. जरा उलट बाजूने विचार करून पाहा. १९५० साली तुमचे वडील वारले असते तर भाऊ तुमच्याकडे कागद घेऊन आला असता का? आला नसता, कारण त्या वेळच्या हिंदू कायद्यात मुलगा हयात असताना मुलीच्या वारशाचा प्रश्नच उद्भवत नसे. तिच्या सहीला किंमत नव्हती, म्हणून ती मागण्याची गरज नव्हती. आज ज्या रीतीला आपण पूर्वापार समजतो, भाऊबीजेच्या आगेमागे बहिणींना तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन सह्या घेण्याची आणि बदल्यात साडीचोळी करण्याची, ती मुलीला वाटा देणाऱ्या कायद्याहून जुनी असूच शकत नाही. ती कायद्यामुळेच जन्माला आली. म्हणजे तुम्हाला जी कायद्याची हार दिसते, ती खरे पाहता कायद्याने समाजाला एक पाऊल सरकायला लावल्याची खूण आहे. पूर्वी बहिणीने भावाकडे मागायचे होते, आता भावाला बहिणीकडे मागावे लागते. पुढचे पाऊल समाजाने टाकलेले नाही हे मान्य, परंतु मागणारा बदलला, ही गोष्ट लहान नाही.

हे कसे घडले, ते समजून घेण्यासाठी या कायद्याची तुलना दुसऱ्या एका कायद्याशी करावी लागेल. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ चा, म्हणजे वारसा कायद्यानंतर अवघ्या पाच वर्षांचा. दोन्हींचा रोख मुलीच्या स्थितीकडे होता. पण हुंड्याचा कायदा 'करू नका, केलेत तर शिक्षा होईल' या धाटणीचा आहे. त्याला जिवंत व्हायचे असेल तर कोणीतरी तक्रार करावी लागते, आणि तक्रार करणारा बहुतेक वेळा मुलीचा बाप असतो, ज्याची मुलगी त्याच घरात नांदायची असते. देणारा आणि घेणारा दोघेही गप्प बसले की कायद्याला आत शिरायला फट उरत नाही. वारसा कायदा निराळ्या रीतीने चालतो. तो कोणालाही धमकी देत नाही, कोणाच्या तक्रारीची वाट पाहत नाही. वडिलांनी शेवटचा श्वास घेतला त्याच क्षणी चार वाटे चौघांचे झाले. त्यासाठी तुम्ही अर्ज केला नव्हता, आणि तुम्हाला ते ठाऊक नसते तरी ते झालेच असते. ही स्थिती बदलायची असेल तर ज्याला बदल हवा त्याने हालचाल करायची, कागद करायचा, सही मिळवायची.

तुमच्या मुलीला पहिल्या-दुसऱ्या वर्षात इंग्रज कायदेपंडित जॉन ऑस्टिन शिकवतील. कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा आणि तिच्यामागे उभी असलेली शिक्षेची भीती, असे त्याने १८३२ साली मांडले. हुंड्याचा कायदा या व्याख्येत चपखल बसतो, आणि कदाचित म्हणूनच दुबळा पडतो. पुढे विसाव्या शतकात एच. एल. ए. हार्ट या दुसऱ्या इंग्रज कायदेपंडिताने दाखवून दिले की कायद्याचा फार मोठा भाग आज्ञा नसतोच. मृत्युपत्र, करार, विवाह, हस्तांतर यांचे नियम माणसाला काही करण्याचे सामर्थ्य देतात. अमुक रीतीने केलेस तर ते कायद्यात धरले जाईल, एवढेच ते सांगतात. वारशाचा नियम या भाषेत म्हणजे तुमच्या हाती दिलेले सामर्थ्य होय : वाटा ठेवण्याचे, मागण्याचे, विकण्याचे आणि सोडण्याचेही. 'कायदा आपल्या बाजूचा आहे' हे तुमच्या मुलीचे वाक्य म्हणून मला थोडे अपुरे वाटते. कायदा तुमच्या भावाच्या विरुद्ध बाजूला उभा नाही. त्याने तुम्हाला एक जागा दिली आहे आणि त्या जागेवरून तुम्ही काय बोलायचे, हे तुमच्यावर सोडले आहे.

कायदा समाज घडवतो की समाज कायदा, हा वाद आपल्याकडे मराठीत एकदा फार मोठ्या आवाजात होऊन गेला आहे. १८९१ साली मार्च महिन्यात संमतिवयाचा कायदा झाला आणि शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर गेले. लोक आपण होऊन बदलत नसतील तिथे कायद्याने हात घातला पाहिजे, ही आगरकरांची भूमिका होती. टिळकांचे म्हणणे असे की, सुधारणा लोकांच्या मनातून यावी, परक्या सरकारच्या कायद्यातून येऊ नये. आणि हे केवळ पळवाट म्हणून ते बोलत होते असे म्हणता येत नाही, कारण मुलींची लग्ने सोळाव्या वर्षाआधी करणार नाही असे बंधन सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावे, असेही त्यांनी सुचवले होते. याच्या कितीतरी आधी, १८१४ साली, जर्मनीत थिबो आणि साविन्यी या दोन कायदेपंडितांत असाच वाद झाला होता. थिबोला सगळ्या जर्मन प्रदेशांसाठी एकच लिखित संहिता हवी होती. साविन्यी म्हणत होता की, कायदा भाषेसारखा लोकजीवनातून उगवतो, तो बसून तयार करता येत नाही.

मला या दोन्ही बाजूंमधली एक समजूत खटकते. समाज एका अंगाला आणि कायदा दुसऱ्या अंगाला, असे धरून दोन्ही पक्ष भांडतात. वास्तवात ज्याला आपण 'आपली रीत' म्हणतो तिच्यात जुन्या कायद्यांचे आणि निकालांचे कितीतरी थर असतात. एक उदाहरण देतो. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याचे नाव आपण शाळेत आदराने घेतो. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात, पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरचा हक्क संपेल, असे लिहिलेले होते. ज्या उच्चवर्णीय घरांसाठी हा कायदा झाला, तिथे पुनर्विवाह पुढे कित्येक वर्षे क्वचितच झाले. पण महाराष्ट्रातल्या अनेक जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेने दुसरे लग्न करण्याची, चाल आधीपासूनच होती, त्यांना या कायद्याच्या परवानगीची गरजच नव्हती. असे असूनही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले की, पाट लावणाऱ्या विधवेलाही ते दुसरे कलम लागू आहे. अलाहाबादच्या न्यायालयाने याच प्रश्नावर उलट मत दिले होते. म्हणजे ज्या स्त्रियांना मोकळे करण्यासाठी कायदा झाला त्यांच्यापैकी थोड्यांनाच तो पोहोचला, आणि ज्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता त्यांच्या हातची जमीन मात्र तो घेऊन गेला. कायदा समाज घडवतो, याविषयी मला शंका नाही. तो नावात सांगितलेल्या दिशेनेच घडवतो, यावर मात्र विश्वास ठेवू नये.

याचा मुंबईतला दाखला हवा असेल तर तो तुमच्या स्वतःच्या घराच्या इतिहासात आहे. तुमच्या वडिलांनी जी पागडीची खोली सोडली, ती खोली आणि ती पागडी या दोन्ही गोष्टी भाडेनियंत्रणाच्या कायद्याने घडवल्या. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. महायुद्ध आणि फाळणी यांमुळे लोंढे येत असताना गरीब भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणे हा हेतू होता आणि तो सफलही झाला; गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या चाळींत तीन-तीन पिढ्या टिकल्या त्या याच कायद्यामुळे. पण महागाई वाढत गेली, भाडे तिथेच राहिले, मालकाला डागडुजी परवडेना, आणि इमारती खचू लागल्या. मग १९६९ साली उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. माणूस नोकरी बदले, पण खोली सोडत नसे, कारण तशी खोली पुन्हा मिळणार नाही हे त्याला ठाऊक होते. खोलीचा खरा भाव आणि कागदावरचे भाडे यांतले अंतर भरून काढायला पागडी आली. त्या कायद्यात पागडी घेणे हा गुन्हा होता, आणि तरीही शहरात कोणालाच त्यात गुन्हा दिसत नव्हता. शेवटी ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली. समाजाने कायदा आपल्या मापाचा करून घेतला, असे तुम्ही म्हणता त्याचे याहून ठसठशीत उदाहरण मला सापडत नाही. पण ज्या समाजाने तो करून घेतला, तो भाडेकरू-मालकांचा समाज मुळात कायद्यानेच उभा केलेला होता, हेही त्याच उदाहरणात आहे. (दारूबंदीचे तर विचारूच नका. १९४९ च्या कायद्याने मुंबई कोरडी झाली नाही, परवान्याचा कागद आणि 'परमिट रूम'ची पाटी मात्र तिला मिळाली.)

तुमची मुलगी ज्या महाविद्यालयात शिकते, तिथे १९३५ ते १९३८ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य होते. तुमच्या प्रश्नाचा सर्वात खोल विचार मला त्यांच्यात दिसतो, कारण त्यांनी त्याची दोन्ही टोके हातात धरली होती. १९४३ साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितले की हक्कांचे रक्षण कायदा करत नाही, समाजाची नैतिक जाणीव करते. ती जाणीव हक्कांच्या विरोधात असेल तर कोणताही कायदा, कोणतेही न्यायालय त्यांची खरी हमी देऊ शकणार नाही. असे मानणारा माणूस कायदा करण्याच्या भानगडीत पडायला नको होता. तरी त्याच माणसाने पुढे कायदेमंत्री म्हणून हिंदू संहितेच्या विधेयकावर अनेक वर्षे घालवली. हिंदू कायद्याची संहिता तयार करण्यासाठी आधी नेमलेल्या राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता, तो आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीने बरोबरीचा केला, आणि विधेयक रखडवले गेल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये, इतर काही कारणांबरोबर, या कारणासाठीही त्यांनी मंत्रिपद सोडले. याच्याही आधी मुंबईचे एक शल्यविशारद, डॉ. गोपाळराव देशमुख, यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेल्या विधेयकातून १९३७ चा कायदा झाला होता. पण त्याने विधवेला काही हक्क दिला, तोही मर्यादित, आणि मुलीला काहीच दिले नाही. तुमच्या मसुद्यात ज्या एक चतुर्थांश वाट्यावर एका सहीने पाणी सोडायचे आहे, तो वाटा तिथपर्यंत येण्याला असा काळ लागला आहे.

आंबेडकरांच्या या दोन वागण्यांत मला विरोध वाटत नाही. जाणीव बदलल्याशिवाय हक्क सुरक्षित नाही हे खरे, पण जाणीव हवेत बदलत नाही. तिला बदलायला काही प्रसंग लागतो, आणि कायदा असे प्रसंग निर्माण करतो. तुमच्या घरात आज जो अवघडलेपणा आहे, भावाला मसुदा पुढे करताना जी थोडी तरी खालची मान घालावी लागली असेल, मावशीला जे समजावायला यावे लागले, मुलगी जे बोलली, हे सगळे त्या कायद्याशिवाय घडलेच नसते. घरोघरी असे प्रसंग साठत जातात आणि पिढीदोन पिढीत 'बहिणीचा वाटा' हा शब्दप्रयोग कानाला खटकेनासा होतो. हे केवळ माझे आशावादी बोलणे आहे असे समजू नका. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतल्या १९९४ च्या दुरुस्त्यांनंतर काय झाले, याची जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी ग्रामीण कुटुंबांच्या माहितीवरून तुलना केली, तेव्हा मुलींना जमीन वारशाने मिळण्याची शक्यता वाढलेली आढळली, त्यांच्या लग्नाचे वय आणि शिक्षणही वाढलेले आढळले. भावांच्या बरोबरीला मात्र त्या पोहोचल्या नव्हत्या. कायद्याची चाल ही अशी, अर्धवट आणि हळू असते.

आता तुमच्या भावाविषयी. त्याने वडिलांचे आजारपण काढले, हे तुम्ही दोनदा लिहिले असते तरी मला चालले असते, कारण या प्रकरणातली न्यायाची सगळ्यात अवघड बाजू तीच आहे. आठवे कलम सेवा मोजत नाही. जो रात्री इस्पितळात बसला आणि जो सणाला पेढे घेऊन आला, दोघांचा वाटा सारखा. कायदा आंधळा आहे म्हणून नव्हे. कोणी किती केले याचा हिशेब प्रत्येक घरात न्यायालयाने मांडायचा ठरवला तर त्याला अंत राहणार नाही, म्हणून त्याने सरळ बरोबरीची रेघ ओढली आणि बाकीचे कुटुंबावर सोपवले. ते सोपवलेले काम तुम्ही करायला हवे. भावाचे श्रेय खरे असेल, आणि तुमच्या पत्रावरून ते खरे दिसते, तर ते वाटणीत आकड्याने दिसू द्या. चौघांनी मिळून कौटुंबिक समझोता करता येतो, त्यात भावाला जास्त आणि बहिणींना कमी असे ठरवता येते, किंवा पुनर्विकासात मिळणारी वाढीव जागा किंवा रक्कम वेगळ्या प्रमाणात वाटता येते. सेवेची परतफेड म्हणून तुम्ही काही देणे आणि मुलगी म्हणून तुमच्याकडून सगळेच अपेक्षित असणे, या दोहोंत फरक आहे. सध्याचा मसुदा दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि माझा आक्षेप तेवढ्यापुरताच आहे.

त्याहून मोठा आक्षेप आईच्या सहीला. तुमच्या पत्रात ती एका वाक्यात येऊन गेली आहे आणि बहुतेक घरांत तसेच होते. तिचा चतुर्थांश वाटा हा तिचा पूर्ण मालकीचा आहे. तो आज मुलाच्या नावे सोडला की उद्या त्या नव्या इमारतीत ती कायद्याने पाहुणी ठरते. भाऊ चांगला आहे म्हणता, तर तो तिला घराबाहेर काढणार नाही हे मीही मानतो. पण माणसाचे बरेवाईट होते, सुनेचे आणि नातवाचे दिवस येतात, कर्ज होते, आणि तेव्हा कागदावर ज्याचे नाव आहे त्याचेच चालते. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदा आहे खरा, पण स्वतःच्या मालकीचा वाटा हातात असताना म्हाताऱ्या बाईने न्यायाधिकरणाच्या पायऱ्या का चढाव्यात? तुम्हा दोघी बहिणींना काही सोडायचेच असेल तर ते भावाऐवजी आईच्या नावे सोडण्याचा विचार करता येईल. मग पुढे कोणाला काय द्यायचे, हे ती आपल्या मृत्युपत्राने ठरवील, आणि ज्याने तिला सांभाळले त्याचे माप तिच्याइतके चांगले दुसरे कोणी घेऊ शकणार नाही.

मसुदा पुन्हा एकदा वाचा. त्यात 'कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने आणि पूर्ण समजून-उमजून' अशा अर्थाची एक ओळ असणारच. हक्कसोडपत्रात ती असतेच. लोक ती शोभेची समजतात. न्यायालयासमोर तिला वजन असते. स्थावर मिळकतीची हक्कसोड नोंदणी केल्यावरच पक्की होते, नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने भागत नाही. आणि एकदा नोंदलेला दस्त रद्द करून घ्यायचा तर फसवणूक किंवा दडपण होते हे तुम्हालाच दिवाणी न्यायालयात सिद्ध करावे लागते, तेही मुदतीच्या आत. मावशीने 'माहेर तुटेल' म्हटले, याला न्यायालय सहसा दडपण मानत नाही. वारशाने आलेल्या मिळकतीची हक्कसोड भावंडांत मोबदल्याविना केली तर राज्यात मुद्रांक शुल्कही नाममात्र आहे. ज्या कायद्याने तुम्हाला वाटा दिला, त्याच व्यवस्थेने तो सोडण्याची वाट इतकी स्वस्त ठेवली आहे. या विसंगतीवर विधिमंडळात कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. सही करण्याआधी बाईला स्वतंत्र वकिलाचा सल्ला मिळालाच पाहिजे, असा नियम असता तर राजीखुशीच्या त्या ओळीला खरा अर्थ आला असता. तो नियम नाही, तेव्हा तुम्ही स्वतःपुरता तो पाळा : भावाने नेमलेल्या वकिलाखेरीज दुसऱ्या वकिलाला मसुदा दाखवा.

'बिल्डर थांबणार नाही' या घाईलाही घाबरू नका. पुनर्विकासातील पर्यायी जागेचा करार सर्व वारसांच्या नावाने करता येतो. त्यासाठी तिघांनी एकासाठी हक्क सोडलाच पाहिजे, असा नियम नाही. वडिलांनी सोसायटीत भावाचे नामनिर्देशन केलेले असेल तर त्यानेही तो एकटा मालक होत नाही. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा यासाठी नामनिर्देशन असते, आणि २०१९ साली सहकारी संस्था कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर नामनिर्देशित व्यक्तीला, वारस निश्चित होईपर्यंत, तात्पुरता सभासद म्हणूनच घेतले जाते.

मुलीला वाटाघाटीच्या बैठकीत नेऊ नका. तिचे बोलणे चूक नाही, पण भाचीने मामाला कलमे ऐकवली की गोष्ट भावाबहिणीतून निघून मानापमानावर जाते. तिला घरी मसुदा वाचायला द्या. प्रत्येक परिच्छेद कोणाला काय देतो आणि कोणाकडून काय काढून घेतो, हे तिने तुम्हाला लिहून द्यावे. वर्गात ज्यासाठी ती वर्षभर झगडेल ते तिला एका संध्याकाळी कळेल. धाकट्या बहिणीला तुमचा विचार सांगा, पण तिच्या वतीने काही कबूल करू नका. तिच्या घरची ओढाताण तुमच्याहून निराळी असू शकते आणि तिचा वाटा सर्वस्वी तिचा आहे.

भावाला भेटा, शक्यतो आईच्या समोर, आणि त्याला सांगा की मसुदा नाकारते आहे, पुनर्विकासाला माझा विरोध नाही, आणि तू केलेल्याचा हिशेब मला मान्य आहे, तो आपण चौघे बसून कागदावर मांडू. त्यानंतर सोसायटीच्या चिटणिसांना एक साधे पत्र द्या : वडिलांचे वारस हे चौघे आहेत, वाटणी अजून ठरलेली नाही, तोवर सभासदत्व कोणा एकाच्या नावे कायम करू नये आणि पुनर्विकासाच्या करारात चौघांची नावे धरावीत. त्या पत्राची पोच शिक्क्यासह घ्या. हा क्रम मात्र उलटू देऊ नका, कारण ही गोष्ट भावाला चिटणिसांच्या तोंडून पहिल्यांदा कळली तर पुढचे बोलणे फार अवघड होऊन बसेल.